घरातच ठेवायचा आहे: स्कॅनरसाठी कुठला अँटेना घ्यावा?

खिडकीपाशी | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या घरात राहतो. विटांची इमारत, दुसरा मजला (इथल्या मोजणीने तिसरा). गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर काहीही लावायला मनाई आहे. ऑफिसात विचारून पाहिलं, उत्तर ठाम नकार.

माझ्याकडे हातात मावणारा साधा अ‍ॅनालॉग स्कॅनर आहे, म्हणजे रेडिओवरचं बोलणं पकडून ऐकवणारं यंत्र. अँटेना बीएनसी कनेक्टरने (फिरवून अडकवायचं गोल तोंड) लागतो. १ सप्टेंबर २०२१ ला इडा वादळाचे अवशेष इथून गेले त्या रात्री आमच्याकडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज येऊन-जाऊन होती, आणि खाली रस्त्यावर पाणी किती चढलंय हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा घेतला. पहिलं काम हवामान खात्याचा रेडिओ ऐकणं. न्यूयॉर्कचं केंद्र १६२.५५० मेगाहर्ट्झवर आहे, ते स्वच्छ येतं.

आता दुसरं काम निघालं आहे. माझे बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. भुसावळ विभागात मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. घराजवळून नॉर्थईस्ट कॉरिडॉर हा रेल्वेमार्ग जातो, आणि पलीकडे साउथ प्लेनफील्ड, बाउंड ब्रुककडून लेहाय लाइनच्या मालगाड्या. इथल्या रेल्वेचं बोलणं १६० ते १६१.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साध्या एफएमवर चालतं आणि ते कुणीही ऐकू शकतं, हे सांगितल्यापासून बाबा दिवसभर स्कॅनर घेऊन बसतात. पण स्कॅनरबरोबर आलेल्या बोटभर रबरी अँटेनावर अर्धं वाक्य येतं, अर्धं खरखरीत जातं. त्यांना इंग्रजी समजतं, पण तुटक इंग्रजी समजून घेताना दमतात. मला ते बघवत नाही.

विमानांचंही थोडं ऐकायचं आहे. पोलिसांचं ऐकण्यात रस नाही.

बजेट पन्नास-साठ डॉलर. शोधल्यावर चार प्रकार दिसले: लांब करता येणारा टेलिस्कोपिक, डिस्कोन (तबकडी आणि शंकूच्या आकाराचा), गाडीच्या टपावर बसणारा चुंबकाचा, आणि टीव्हीचा सपाट अँटेना अ‍ॅम्प्लिफायरसकट. घरातच राहणार आहे हे धरून काय घ्यावं?

---

तारयंत्र | रविवार, सकाळी ७:१५

पुण्यात हॅम (हौशी रेडिओवाला) आहे, परवाना व्हीयू३ मालिकेतला. इमारतींच्या गर्दीत, लोखंडी ग्रिलच्या आड बसून अँटेनाशी झगडण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो.

तुम्ही फ्रिक्वेन्सी सांगितल्या हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण "सगळं ऐकू येईल असा" मागतात आणि मग काहीच धड येत नाही. अँटेना म्हणजे ठरावीक लांबीची तार, ऐकायच्या लहरीच्या लांबीच्या साधारण पाव. पाव तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये हवी असेल तर ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागा. रेल्वेच्या १६१ ला ४४ सेंमी येतं. हवामानाच्या १६२.५५ लाही जवळपास तेच. विमानांचा पट्टा ११८ ते १३७, त्याच्या मध्यावर १२५ धरा, म्हणजे ५७ सेंमी. बोटभर रबरी अँटेनात तार गुंडाळून लांबी बसवलेली असते. ती खिशात मावावी म्हणून केलेली तडजोड आहे, जास्त ऐकू यावं म्हणून नाही.

विकत काही घेण्याआधी एक करून बघा, खर्च शून्य. हातातल्या स्कॅनरला एकच तार असते. दुसरा अर्धा भाग म्हणून स्कॅनरचं अंग आणि तुमचा हात काम करतो. स्कॅनर लाकडी फळीवर ठेवला की तो हात निघून जातो आणि सिग्नल पडतो. तेव्हा ४४ सेंमी साधी वायर घ्या, तिचं सोललेलं टोक बीएनसीच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला घट्ट गुंडाळा आणि वायर खाली लोंबू द्या. हॅम मंडळी याला टायगर टेल म्हणतात. आतल्या पिनला लागू देऊ नका. करून बघा आणि इथे सांगा.

---

पाऊसवेडा | रविवार, सकाळी ९:०२

तारयंत्र यांना अनुमोदन. ओहायोत आहे, माझंही मुख्य ऐकणं रेल्वेचंच.

बजेटमध्ये बसणारी सरळ खरेदी म्हणजे बीएनसीचा टेलिस्कोपिक. याचा मोठा गुण असा की लांबी तुमच्या हातात असते: विमानं ऐकताना ५७ सेंमी, रेल्वे-हवामानाला ४४. नेहमी पूर्ण ताणून वापरायचा नसतो, ही चूक मी पहिलं वर्षभर केली. स्केच पेनने नळीवर दोन खुणा करून ठेवा. लवचीक हवा असेल तर डायमंडचा आरएच७७सीए बघा. तो हॅमच्या १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झसाठी बनवलेला आहे, पण स्कॅनरवाले आवडीने लावतात. वजन कमी असल्यामुळे कनेक्टरवर ताण येत नाही. लांब टेलिस्कोपिक लावून स्कॅनर आडवा पडला तर बीएनसीचं बूड हलतं, एवढं जपा.

---

नवखा_७३ | रविवार, सकाळी ११:३०

माझ्याकडे टीव्हीचा सपाट अँटेना पडून आहे, यूएसबीवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा. तो लावला तर नाही का चालणार? "२५ डीबी गेन" असं खोक्यावर लिहिलंय. धागाकर्त्याने विचारलेलाच प्रकार आहे म्हणून इथेच विचारतो.

---

तारयंत्र | रविवार, दुपारी १२:१०

नवखा, लावून बघायला हरकत नाही, पण त्या आकड्यावर जाऊ नका. गेन म्हणजे सिग्नल किती मोठा होतो ते, डीबी (डेसिबल) हे त्याचं माप. ते २५ डीबी अ‍ॅम्प्लिफायरचे आहेत, अँटेनाचे नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल आणि खरखर यांतला फरक कळत नाही, तो दोन्ही सारख्याच मोठ्या करतो आणि स्वतःची थोडी खरखर वर घालतो. लांब केबलमध्ये सिग्नल गळत असेल तर अँटेनाच्या बुडाशी बसवलेला चांगला अ‍ॅम्प्लिफायर कामाला येतो. घरात दीड मीटर केबलसाठी त्याचा उपयोग नाही.

दुसरं, रेल्वे, विमान, हवामान या सगळ्यांच्या लहरी उभ्या असतात. टीव्हीचे अँटेना आडव्या लहरींसाठी केलेले. उभ्याला आडवा अँटेना लावला की मोकळ्या मैदानात २० डीबीपर्यंत नुकसान होतं. घरात भिंतींवर आपटून लहरी थोड्या वाकड्या होतात म्हणून तेवढं होत नाही, पण होतं.

आणि एडिसनला तिसरी अडचण. न्यूयॉर्कची कितीतरी एफएम स्टेशनं एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून प्रक्षेपण करतात. ८८ ते १०८ चा तो मारा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरला की नको तिथे गाणी ऐकू यायला लागतात. स्कॅनरच्या पुढच्या टप्प्याची घुसमट होते. विमानांच्या पट्ट्यात गाणं किंवा जाहिरात ऐकू आली तर ती हीच खूण. त्यावर एफएम नॉच फिल्टर (तेवढाच पट्टा गाळणारा) मिळतो, केबलमध्ये मधोमध लावायचा छोटा डबा. पण आधी अ‍ॅम्प्लिफायर काढा.

---

खिडकीपाशी | रविवार, रात्री १०:२०

शेपटी लावली. ४४ सेंमी, दिव्याच्या जुन्या वायरचा एक पदर. फरक पडला!

तपासायची पद्धत आम्ही अशी ठरवली. हवामानाची केंद्रं चोवीस तास बोलत असतात, म्हणजे गाडीची वाट बघत बसायला नको. न्यूयॉर्क जवळ असल्यामुळे त्याच्यावर फरक कळत नाही. म्हणून फिलाडेल्फियाचं १६२.४७५ लावलं. ते दूर आहे, आमच्याकडे जेमतेम येतं. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) पूर्ण उघडा ठेवून ऐकायचं. बाबांनी वहीत रकाने आखले: खोली, खिडकी, स्कॅनरची जागा, आणि शून्य ते पाच गुण. सगळी मोजणी त्यांनी केली, मी फक्त दारं-खिडक्या उघडत होतो.

दिवाणखाना, सोफ्याजवळ, नुसता रबरी अँटेना: शून्य. शेपटी लावून तिथेच: एक, मधूनमधून शब्द. मोठ्या खिडकीपाशी शेपटीसकट: दोन. आणि ती खिडकी उघडल्यावर: चार! काच बंद केली की दोन, उघडली की चार. तीनदा करून बघितलं. खिडक्या दोन वर्षांपूर्वी बदलल्या आहेत. काचेत असं काय असतं?

स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी जुनी आहे, ती बदललेली नाही. तिथे बंद काचेतूनही चार मिळाले. पण ओट्यावरचे दिवे लावले की एकवर येतं.

---

सागरवेळ | सोमवार, पहाटे ५:५०

बाबांच्या वहीला नमस्कार सांगा. मी सिअ‍ॅटलला असतो, इमारतींच्या बाह्यभागाचं काम करतो, म्हणून काचेबद्दल लिहू शकतो.

नव्या काचांवर उष्णता अडवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, लो-ई म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओच्या लहरींना ती जवळजवळ पत्र्यासारखी. २० ते ३० डीबी सहज खाते. मोबाइल नव्या घरात आत आल्यावर मान टाकतो, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. जाळी बघा. काचतंतूची असेल तर काही बिघडत नाही, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तीही अडवते. भिंतीत उष्णतारोधक फॉइल असलं, किंवा प्लास्टरखाली तारेची जाळी असली, तरी तोच प्रकार. साधी वीट मात्र व्हीएचएफला (तुमचे सगळे पट्टे त्यात येतात) बऱ्यापैकी वाट देते. तुमच्या घरात कदाचित नव्या खिडकीपेक्षा विटांची भिंत बरी असेल. एकदा भिंतीला टेकवून मोजा.

म्हणून माझं मत: साठ डॉलरपैकी एक डॉलरही खर्च करण्याआधी जागा सापडली आहे. ती स्वयंपाकघरातली जुनी खिडकी. आता अँटेना तिथे आणि स्कॅनर बाबा बसतात तिथे, मध्ये केबल.

डिस्कोनबद्दलही विचारलं आहे. माझ्याकडे माळ्यावर आहे, २५ ते १३०० मेगाहर्ट्झचा, पावणेदोन मीटर उंच. भाड्याच्या घरात तो कुठे उभा करणार? शिवाय डिस्कोन सगळ्या पट्ट्यांना सारखं ऐकतो, कुठल्याच पट्ट्यात जास्त ऐकत नाही. मला सागरी रेडिओ १५६.८ पासून विमानं आणि वरचे पट्टे सगळं हवं असतं म्हणून मी घेतला. तुम्हाला दोनच पट्टे हवेत. त्यासाठी मी घेणार नाही.

---

पाऊसवेडा | सोमवार, सकाळी ८:४५

ओट्यावरचे दिवे एलईडी असणार. त्यांच्या आतला वीजपुरवठ्याचा स्वस्त सर्किट व्हीएचएफभर खरखर फेकतो. फोनचा चार्जर, राउटर, टीव्हीमागची अ‍ॅडॅप्टरची पट्टी, सगळे त्याच माळेतले. शोधायची पद्धत: स्कॅनर बॅटरीवर ठेवा, विमानांच्या पट्ट्यात रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर स्क्वेल्च उघडा (तो पट्टा एएम आहे, खरखर तिथे आधी कळते) आणि घरातले ब्रेकर एकेक करून पाडत जा. खरखर ज्याच्याबरोबर थांबली तो दोषी. फ्रीजवाल्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे आइसक्रीमवरून वाद झाला होता.

स्कॅनरचा स्वतःचा चार्जरही तपासा. माझ्याकडे तोच निघाला.

---

तारयंत्र | सोमवार, संध्याकाळी ६:३०

आता खरी मजा. त्या खिडकीसाठी विकतचा अँटेना नको, डायपोल करा. आठ-दहा डॉलरचं सामान लागेल आणि बाबांना एक दिवसाचं काम मिळेल.

एक भुजा वर, एक भुजा खाली, मधोमध केबल. रेल्वे-हवामानासाठी प्रत्येक भुजा ४४ सेंमी. त्याच मध्यबिंदूपासून दुसरी जोडी काढा ५७ सेंमीची, विमानांसाठी. चारही वायर एकाच ठिकाणी जोडायच्या: वरच्या दोघी केबलच्या आतल्या तारेला, खालच्या दोघी बाहेरच्या जाळीला. ज्या फ्रिक्वेन्सीला जी जोडी जुळते ती काम करते, दुसरी बाजूला राहते. दोन जोड्या एकमेकींना चिकटवू नका. टोकांशी पंख्यासारख्या पसरा, निदान दहा-पंधरा सेंमी अंतर ठेवा. सुरुवातीला दोन-तीन सेंमी जास्त कापा, मग दुमडून कमी करता येईल.

पूर्ण उंची ११४ सेंमी होते. खिडकीच्या लाकडी चौकटीच्या कडेने टेपने लावा. चौकट धातूची असेल तर लावू नका. मग खिडकीशेजारच्या विटांच्या भिंतीवर, चौकटीपासून हातभर दूर.

केबल टीव्हीचीच आरजी-६ वापरा, घरात पडलेली असेल. ती ७५ ओहमची, स्कॅनर ५० ओहमचा. लोक यावर भांडतात, पण हे नुकसान जेमतेम ०.२ डीबी आहे, कानाला कळणारही नाही. उलट आरजी-६ मध्ये गळती कमी. काळ्या बारीक आरजी-१७४ केबलवर बांधलेले चुंबकी अँटेना मिळतात, त्यांची पाच-सहा मीटर केबल वरच्या पट्ट्यांत बराच सिग्नल खाते. तुमच्या तिसऱ्या पर्यायाबद्दल म्हणूनच गप्प होतो. चुंबकी अँटेना फ्रीजच्या वर किंवा पोळीच्या मोठ्या लोखंडी तव्यावर ठेवला तर चालतो, त्याला खाली धातूचा पत्रा लागतो. नुसता टेबलावर ठेवला तर अर्धाच अँटेना.

केबल मध्यबिंदूपासून काटकोनात बाहेर काढा, खालच्या भुजेला समांतर लोंबू देऊ नका. जोडणीपाशी केबलवर दोन-तीन फेराइट क्लिप (केबलभोवती बसणारे काळे मणी) लावा. नाहीतर केबलची जाळीच अँटेना बनते आणि घरातली खरखर उचलून आणते. स्कॅनरच्या टोकाला एफ-टू-बीएनसी अ‍ॅडॅप्टर.

---

साडेतीन_वाजता | सोमवार, रात्री ११:०५

धागा छान चाललाय, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न थोडा वेगळा: आमच्याकडे (हाही न्यू जर्सीच) अग्निशमन आणि पोलीस ७०० मेगाहर्ट्झच्या डिजिटल पी२५ यंत्रणेवर गेले आहेत. स्कॅनर डिजिटल आहे, सिग्नलच्या कांड्या पूर्ण, तरी आवाज रोबोसारखा तुटतो. मोठा अँटेना लावला तर आणखीच वाईट झालं. असं कसं?

---

पाऊसवेडा | मंगळवार, सकाळी ७:२०

साडेतीन, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

तुमच्याकडे सिग्नल कमी नाही, जास्त आहे. बऱ्याच डिजिटल यंत्रणांत जिल्हाभर पाच-सहा मनोरे एकच संदेश एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच क्षणी पाठवतात, त्याला सायमलकास्ट म्हणतात. मनोऱ्यांचं अंतर वेगवेगळं, त्यामुळे तुमच्यापाशी त्याच संदेशाच्या दोन-तीन प्रती किंचित मागेपुढे पोचतात. डोंगरात हाक मारल्यावर प्रतिध्वनी शब्दावर चढतो तसं. पोलिसांच्या स्वतःच्या रेडिओची रचना हे सावरण्यासाठी केलेली असते, नेहमीच्या स्कॅनरांची नसते. अँटेना मोठा केला की लांबचा मनोराही जवळचा होतो आणि गोंधळ वाढतो.

उपाय उलटा: एकाच मनोऱ्याकडे तोंड करणारा छोटा यागी. ७७० ला पाव तरंगलांबी सव्वानऊ सेंमी, म्हणजे यागी हातभर लांबीचाही पुरतो, कपाटावर मावतो. तो नको असेल तर स्कॅनर घराच्या आतल्या बाजूला नेऊन, रबरी अँटेना आडवा करून बघा. एका भिंतीने दोन मनोरे अडवले की तिसरा स्वच्छ येतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. सायमलकास्ट नीट वाचणारा स्कॅनर हवाच असेल तर युनिडेनचा एसडीएस१०० किंवा टेबलावरचा एसडीएस२००, पण त्यांची किंमत अनेक अँटेनांइतकी आहे.

आणि खरेदीआधी एक बघा: तुमच्या विभागाने बोलणं एन्क्रिप्ट (सांकेतिक, किल्लीशिवाय न उलगडणारं) केलं आहे का? न्यूयॉर्क शहर पोलिसांनी २०२३ पासून ते सुरू केलं. एन्क्रिप्ट झालेलं कुठल्याही अँटेनाने, कुठल्याही स्कॅनरने उघडत नाही. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी त्याच्यासाठी तीन अँटेना घेतले. दुकानदाराने त्यांना आधी सांगायला हवं होतं.

---

लंडनची_सर | मंगळवार, दुपारी १:४०

वाचणाऱ्यांत सगळे अमेरिकेतले नाहीत म्हणून लिहिते. इथे ब्रिटनमध्ये स्कॅनर विकत घेता येतो, पण आपल्यासाठी नसलेलं बोलणं मुद्दाम ऐकणं २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने गुन्हा आहे. विमानांचं ऐकणंही त्यातच. मी फक्त हॅमचं आणि अंतराळ स्थानकाचं ऐकते, १४५.८०० वर. गच्चीच्या दारात उभं राहून टेलिस्कोपिक ४९ सेंमीवर धरला की स्थानक डोक्यावरून जाताना आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात थरथरत होता.

---

तारयंत्र | मंगळवार, दुपारी ३:१५

लंडनची_सर, बरं केलंत. भारतातल्यांसाठीही सांगतो: साधा प्रसारण ऐकायचा रेडिओ सोडला तर रेडिओ यंत्र परवान्याशिवाय बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून इथे मना आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगी लागतेच. परदेशातून भावाने स्कॅनर आणला असं करू नका. हॅमची परीक्षा द्या. अवघड नाही, आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ कायदेशीरपणे तुमचं होतं.

---

पाऊसवेडा | मंगळवार, संध्याकाळी ५:००

अमेरिकेत घरी ऐकायला साधारणपणे अडचण नाही, गाडीतलं राज्याराज्यावर आहे. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांचे पट्टे पकडणारा स्कॅनर परवान्याशिवाय गाडीत ठेवता येत नाही. नदी ओलांडून मॅनहॅटनला जाताना एडिसनकरांनी हे लक्षात ठेवावं.

खिडकीपाशी, तुमच्या गॅलरीबद्दल: डिश आणि टीव्हीच्या अँटेनाला भाडेकरूच्या स्वतःच्या वापरातल्या गॅलरीत केंद्र सरकारच्या नियमाने संरक्षण आहे, पण स्कॅनरचा अँटेना त्यात येत नाही. म्हणून ऑफिसशी त्या नियमावर वाद घालू नका, हरण्याचीच शक्यता आहे.

आणि एक काळजीपोटी. वादळासाठी स्कॅनरवर विसंबू नका. तीस-चाळीस डॉलरचा वेगळा वेदर रेडिओ घ्या, त्यात तुमच्या मिडलसेक्स काउंटीचा सेम (SAME) कोड, म्हणजे तुमच्याच भागाचे इशारे निवडणारा क्रमांक, ०३४०२३ भरा. इशारा आला की तो झोपेतून उठवतो. बाबा रेल्वे ऐकत असतील तेव्हा स्कॅनर दुसऱ्याच चॅनेलवर असेल.

---

खिडकीपाशी | रविवार, रात्री ९:१०

पाच दिवस लिहायला जमलं नाही, पण काम झालं आहे.

वेदर रेडिओ घेतला. कोड भरला. बुधवारी सकाळी चाचणीचा इशारा वाजला तेव्हा बाबा दचकले, पण मला बरं वाटलं. इडाच्या रात्री हा उशाशी असता तर निदान तासभर आधी गाडी वरच्या रस्त्याला लावली असती.

ओट्यावरचे दिवे बदलले. ब्रेकर पाडून बघितल्यावर ते आणि दिवाणखान्यातल्या कोपऱ्यातल्या दिव्याचा मंदक (डिमर), असे दोघे सापडले.

डायपोल बाबांनी केला. मी ऑफिसला गेलो होतो, आलो तर वायर कापून, टोकं सोलून, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी: "४४ वर", "४४ खाली", "५७ वर", "५७ खाली". खिडकीची चौकट लाकडी निघाली. जुनी असण्याचा हा दुसरा फायदा. जोडणीला प्लास्टिकची स्क्रूवाली कनेक्टर पट्टी वापरली, डाग द्यावा लागला नाही. केबल घरातलीच, अंदाजे सहा मीटर, स्वयंपाकघरातून दाराच्या वरून बाबांच्या खुर्चीपर्यंत. सगळा खर्च: फेराइट, पट्टी आणि अ‍ॅडॅप्टर मिळून चौदा डॉलर.

वहीतले गुण: फिलाडेल्फिया पाच. खुर्चीत बसून, काच बंद, दिवे चालू.

विमानांचं असं झालं की वैमानिक स्पष्ट येतात, नेवार्कचा टॉवर मात्र येत नाही. दोष डायपोलमध्ये असेल का?

रेल्वेचं सांगायचं राहिलं. मालगाडीच्या रुळांशेजारी ठरावीक अंतरावर यंत्रं बसवलेली असतात, गाडी वरून गेली की ती तापलेलं बेअरिंग, ओढत जाणारा भाग तपासतात आणि रेडिओवर स्वतः बोलतात: मैलाचा दगड अमुक, रूळ अमुक, दोष नाही, एकूण अ‍ॅक्सल इतके. या यंत्रांचा सिग्नल क्षीण असतो, पूर्वी आम्हाला कधी आला नव्हता. गुरुवारी रात्री साडेदहाला आला. बाबा उठून उभे राहिले.

मग तासभर बोलत होते. त्यांच्या काळात स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीकडे स्टेशनवाले दोन्ही बाजूंनी उभे राहून बघायचे, हॉट अ‍ॅक्सल दिसला, धूर दिसला तर लाल, नाहीतर हिरवा, आणि गार्डाने ब्रेकव्हॅनमधून तो झेंडा, रात्री दिवा, टिपायचा. एकदा कडाक्याच्या थंडीत त्यांनी स्वतःच्या गाडीत मागून सातव्या वाघिणीला जळका वास ओळखून गाडी थांबवली होती. हे आईलाही माहीत नव्हतं. मी त्यांना ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनबद्दल सांगितलं, ३ फेब्रुवारी २०२३ ला तापलेल्या बेअरिंगमुळे गाडी घसरली ते. बराच वेळ गप्प होते. म्हणाले, यंत्र दोन ठिकाणी असेल, मधल्या अंतरात कोण बघतं?

आता वहीत नवा रकाना आहे. अ‍ॅक्सल ४०८ आले की दोन इंजिनांचे बारा वजा करतात, उरलेल्याला चारने भागतात, ९९ डबे. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

तारयंत्र | सोमवार, सकाळी ७:००

वाचून फार आनंद झाला. बाबांना माझा नमस्कार.

टॉवर न येण्यात डायपोलचा काही दोष नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत पोचतं, टॉवरचा अँटेना जमिनीजवळ, मध्ये तुमच्यापर्यंत सगळी घरं आणि झाडं. जिन्यातल्या सगळ्यांत वरच्या खिडकीपाशी टेलिस्कोपिक नेऊन एकदा बघा. तिथेही नाही आला तर घरातून तो येणार नाही. त्यावर पैसे घालू नका.

---

नवखा_७३ | सोमवार, सकाळी ९:३५

मीही करतोय या शनिवारी. ५७ ची जोडी ४४ च्या बाहेरच्या बाजूला ठेवलीत की खोलीच्या बाजूला? आणि टोकांशी नेमकं किती अंतर?

---

खिडकीपाशी | सोमवार, रात्री ८:१५

४४ ची जोडी चौकटीच्या लाकडावर सरळ उभी. ५७ ची शेजारच्या भिंतीवर तिरपी. टोकांशी अंतर वर १८ सेंमी, खाली १५, खाली नळाचा पाइप आडवा आला म्हणून. बाबा म्हणतात, पाइपापासून वायर निदान वीतभर लांब ठेवायला सांग.